ताईचं तळं

९ ऑक्टोबर

तळं आज सांडव्यापर्यंत भरलं. निम्मं काम सप्टेंबरच्या वादळाने केलं, उरलेलं वरच्या झऱ्याने. अर्ध्या जिल्ह्याची तळी मी खणली, गळायला लागली तेव्हा बुजवलीही मीच. माझ्या स्वतःच्या जमिनीवर मात्र आजवर डबकंसुद्धा नव्हतं. आमच्या चर्चचा डीकन लॉफ्टिस बांधावर उभा राहून म्हणाला, "आयझम, हे गळलं तर कोणाला बोलावशील?"

"तुला. प्रार्थना करायला."

तळं ताईसाठी आहे. गुडघ्यांमुळे तिला नदीचा काठ उतरवत नाही. माझ्याकडे राहायला आल्यापासून ती मागच्या पडवीत बसून अंगणाकडे असं बघते, जणू तिथून पाणी वाहणार आहे. म्हणून बुलडोझर एक दिवस स्वतःच्या कामाला लावला. उथळ बाजूला तिच्या खुर्चीपुरती जागा सपाट करून दिली, धुम्मस मारून पक्की केली. बसल्या बसल्या गळ टाकायचा, बसल्या बसल्या मासा काढायचा.

ती मला लहानपणापासून बड म्हणते. बघून म्हणाली, "बड, हे काय, मला राणी करतोस?"

म्हटलं, "उशीरच झाला."

आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो आणि ताई शाळेच्या शेवटच्या वर्षाला. वडील डेट्रॉइटला गाड्यांच्या कारखान्यात गेले ते गेलेच. ताई कुठे गेली नाही. ती नदीवर जायची, आणि ती जे आणेल ते आम्ही खायचो. माझी हाडं नदीतल्या ब्रिम माशांवर वाढली आहेत. आता तिने स्वतःच्या तळ्यातला एक मासा स्वतः धरून, तळून खावा, एवढंच मला बघायचं आहे.

१६ ऑक्टोबर

पशुखाद्याच्या दुकानाच्या अंगणात आज माशांचा ट्रक आला. सगळा गाव बर्फाचे डबे घेऊन हजर. ताईने रविवारची टोपी घातली होती.

ट्रकवाल्या हबर्टने आमच्या पिशव्या काढल्या. पाण्याने आणि हवेने फुगवलेल्या, आत बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, चमकत होती. ताईने पावती वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "सनफिश? हे कोण? मी ब्रिम सांगितले होते."

"मिस व्हर्डेल, ते कागदावरचं नाव. तळ्यात पडले की ब्रिमच होतात."

"मग कागदावर खोटं कशाला लिहिता?"

अंगण हसलं. हबर्टने पेन काढून सनफिश खोडलं आणि ब्रिम लिहिलं, तेव्हाच तिने पिशव्या घेतल्या.

घरी येऊन पिशव्या तळ्यात तरंगत ठेवल्या. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकसारखं होईपर्यंत थांबायचं असतं. ताई खुर्चीत बसून त्यांच्याशी बोलत होती. सोडल्यावर म्हणाली, "जा रे बाळांनो. भांडू नका. पोटभर खा."

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. रोनेट, ताईची मुलगी, बर्मिंगहॅमहून आली. जेवायला बसलो, ताईने ऐटीत ओव्हन उघडला, तर टर्की कच्ची. ओव्हन पेटवलेलाच नव्हता. मी आणि डीकन पोट धरून हसलो. डीकन म्हणाला, "मिस व्हर्डेल, बिचारीने सकाळपासून आत विश्रांती घेतली!" ताईही हसली. शेवटी कोलार्डची भाजी, मक्याची भाकरी आणि रताळ्याचा गोड पदार्थ खाऊन सगळे तृप्त.

रोनेट हसली नाही. शाळेची मुख्याध्यापिका झाल्यापासून ही पोरगी हसणंच विसरली. भांडी घासताना मला विचारत होती, "मामा, आई अशी बोलता बोलता थांबते का?"

म्हटलं, "तुझी आई बोलताना थांबली तर मला एक वाक्य बोलायला मिळेल. अजून मिळालेलं नाही."

१७ जानेवारी

थंडीने तळ्याच्या कडेला काचेसारखा पापुद्रा धरला आहे.

सकाळी ताई बिस्किटांचं पीठ मळत होती. मळता मळता थांबली. तोंडात काहीतरी चघळल्यासारखं केलं, पिठाचा हात ॲप्रनवर फिरवत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "कलिंगड कोणी कापलं?"

"जानेवारीत? देवाने असेल."

"चेष्टा नको. अगदी नाकाशी आहे."

मी ओळखलं. हा वास तिला लहानपणापासून येतो. ब्रिम अंड्यावर बसले की पाण्यावर कापलेल्या कलिंगडासारखा वास पसरतो. ती नदीकाठाने नाक वर करून चालायची आणि एका जागी उभी राहून म्हणायची, "इथे." तिथे गळ टाकला की पिशवी भरे. मोठमोठे गडी लांबून तिच्या मागे मागे यायचे. तिने पाठ वळवली की तिच्या जागेवर बसायचे.

मला तो वास कधीच आला नाही. माझं नाक डिझेलने खाल्लं. आमच्या घरात नाक तिला मिळालं आणि कान मला. चालत्या इंजिनाचा आवाज ऐकून कोणतं बेअरिंग जाणार ते मी सांगतो, ते सुटायच्या आधी. फोनवरच्या गिऱ्हाइकाने तळं पाहिलंय की नुसतं स्वप्नात बघतोय, तेही कळतं.

तिला नदीची आठवण येते आहे. तेवढंच.

९ फेब्रुवारी

चर्चमध्ये मजा झाली. जुनी भजनं ताईच सांगते, ती एक ओळ म्हणते आणि मागून सगळे ओढून गातात. आज दुसऱ्या कडव्यात ओळ अर्धी म्हणून ती थांबली. लोक वाट बघत राहिले. हातातले पंखे थांबले. ती समोर बघत होती, हात मांडीवर फिरत होता. बऱ्याच वेळाने स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली, "ब्रिम बसलेत."

चर्च खदखदून हसलं. पाद्री म्हणाले, "सिस्टर, प्रभूलाही मासे आवडत, पण प्रवचन होईपर्यंत थांबू या."

बाहेर डीकनने मला गाठलं. "तुझ्या बहिणीला उपदेशापेक्षा तळं जवळचं झालं."

"उपदेश कधी तळून खाता येतो का?"

गाडीत ताईने विचारलं, "लोक कशाला हसत होते रे?"

ती लहानपणापासून अशीच. स्वतः हसवायचं आणि वर भोळा चेहरा करायचा. मी म्हटलं, "तुझ्या टोपीला."

तिने टोपी काढली आणि घर येईपर्यंत मांडीवर ठेवली.

२० मार्च

तीन दिवस ऊन चढलं आहे. ताईने तळ्यावरून हाक मारली, मी धावत गेलो. ती खुर्चीत ताठ बसली होती, डोळे मिटलेले. "बड, आलेत. आता पक्कं. सगळ्या तळ्यावर वास आहे."

मी डीकनला बोलावलं. तो आमिषाच्या रातकिड्यांचा डबा आणि गळ घेऊनच आला, तशी त्याची खोडच आहे.

"गळ गाडीत ठेव," मी म्हटलं. "नव्या तळ्यात पहिलं वर्ष गळ टाकायचा नाही. बोटुकली मोठी व्हावी लागतात, त्यांना अंडी घालू द्यावी लागतात, जूनमध्ये बास, ते शिकारी मासे, सोडायचे, ते जादा पिल्लं खातात, मग तळ्याचा मेळ बसतो. सगळ्यांना सांगतो, तुलाही."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"ताईचं नाक बघायला."

ब्रिम बसले की उथळात तळाशी बशा ओळीने मांडल्यासारखे खळगे दिसतात. आम्ही दोघं काठाने वाकून फिरलो. एकही बशी नाही. नुसता गाळ. पाण्यात थर्मामीटर टाकला, पाणी थंड.

डीकन म्हणाला, "मिस व्हर्डेल, तुमच्या नाकालाही आता चष्मा लागणार."

तिचा चेहरा बघून मी डीकनला चांगलंच सुनावलं. नवं तळं आहे, ब्रिम खोलात बसले असतील. थर्मामीटर जुना आहे. ताईचं नाक आजवर कधी चुकलं नाही, आता माझ्याच तळ्यावर चुकेल?

डीकन गेल्यावर ती म्हणाली, "तू उगाच भांडलास. पण मला खरंच येतोय."

"माहीत आहे मला."

४ एप्रिल

ताई आज गुडघाभर पाण्यात उभी होती, कपड्यांसकट. हातातला खाद्याचा डबा पाण्यावर तरंगत होता. मी बांधावरून हाका मारल्या. तिने वळून बघितलं नाही. जवळ जाऊन दंड धरला तेव्हा तिने ओठ चाटले आणि मला विचारलं, "तू कधी आलास?"

"ताई, पाण्यात काय करतेस?"

"वास एवढा होता की वाटलं, हात घातला तर हाताला लागतील."

चांगलाच तापलो होतो मी, पण घरी नेऊन पाय पुसले, मोजे घातले. मग हबर्टला फोन केला की ब्रिम या महिन्यात बसतात का, नव्या तळ्यात कधी लवकर बसल्याचं त्याने ऐकलं आहे का.

तो म्हणाला, "आयझम, तू ताईंना डॉक्टरकडे दाखवलंस का?"

मला राग आला. मी माशांचं विचारलं होतं. मासे विकणाऱ्याने माशांचं सांगावं.

रात्री रोनेटचा फोन आला तेव्हा गंमत म्हणून तिला हेच सांगितलं. ती म्हणाली, "मामा, मी सकाळी येते." म्हटलं, "उद्या शाळा आहे ना तुझी?" तिने फोन ठेवला होता.

११ एप्रिल

बर्मिंगहॅमहून आलो.

डॉक्टर तरुण आहे, मृदू बोलतो. त्याने आम्हाला चित्र दाखवलं. कानशिलाच्या आत, मेंदूत, गाठ आहे. तो म्हणाला, गाठ जिथे आहे तिथे वास ओळखण्याचं काम चालतं. गाठीमुळे मधूनच झटका येतो, हातपाय न हलणारा. माणूस नुसता थांबतो, तोंड हलवतो, आणि नसलेला वास येतो.

"कसला वास येतो तुम्हाला?" त्याने ताईला विचारलं.

"ब्रिमचा."

त्याला कळलं नाही. रोनेटने सांगितलं, "सनफिश. आमच्याकडे त्याला ब्रिम म्हणतात. ते अंड्यावर बसले की कलिंगडासारखा वास येतो, असं लोक म्हणतात."

"लोक म्हणत नाहीत," ताई म्हणाली. "येतो."

डॉक्टर म्हणाला, येत असेल. पण हा तो नाही.

ताई बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे बड, मासे नव्हतेच?"

"मासे आहेत ताई. मासे आहेत. फक्त बसले नव्हते."

शस्त्रक्रिया केली तर बोलणं जाण्याची शक्यता आहे, आणि गाठ पूर्ण निघेलच असं नाही. ताईने लगेच मान हलवली. "बोलणं गेलं तर भजन कोण सांगणार? डीकन? त्यापेक्षा मी मेलेली बरी." ती हसली. आम्ही कोणी हसलो नाही. डॉक्टरने हा उन्हाळा निघेल की नाही याबद्दल काहीतरी सांगितलं. मी खिडकीतून वाहनतळावर उभ्या असलेल्या एका ट्रकचा आवाज ऐकत होतो. त्याचा पाण्याचा पंप जायला आला आहे.

लिफ्टमध्ये रोनेट म्हणाली, "मामा, तू तिच्यासोबत राहतोस."

एवढंच म्हणाली. तिने आवाज चढवला नाही.

२ मे

गोळ्यांनी झटके थांबले. वासही थांबला. ताई बाहेर बसते, नाक वर करते आणि खाली घालते. म्हणते, "आता सगळंच कोरं वाटतं."

शब्द निसटू लागले आहेत. चमच्याला काल 'ती ढवळायची' म्हणाली. मला मात्र अजून बड म्हणते. रोनेट सुट्टी टाकून इथेच राहिली आहे. ती स्वयंपाकघरात असते आणि मी बांधावर असतो. दोघांना दोघांचं बरं आहे.

हबर्टचा फोन आला. जूनमध्ये बास आणायचे आहेत ना, नाव टाकू का? म्हटलं टाक. मग जरा घुटमळून तो म्हणाला, "मिस व्हर्डेल कशा आहेत?" मी म्हटलं, "बऱ्या आहेत." त्यातलं खोटं त्याला ऐकू आलं असावं. मलाही माझा आवाज ऐकू आला.

डीकनला मी सांगितलं, ब्रिम बसले की ताईला गळ टाकू देणार.

"नव्या तळ्यात पहिलं वर्ष गळ नाही ना?"

"नाही."

"मग?"

"तिचं हे पहिलंच वर्ष आहे आणि शेवटचंही. तू कढई आण."

डीकनने टोपी काढून हातात फिरवली. "माझी नको. माझ्या बायकोची आणतो. तिच्यात चिकटत नाही."

१९ मे

ब्रिम बसले.

पौर्णिमा जवळ आली आहे. सकाळी उथळात बघितलं तर तळ साफ केलेला, बशा एकाला एक लागून, प्रत्येकीवर एक काळसर मासा शेपटी हलवत उभा. नाक वर केलं. मला पाण्याचा आणि चिखलाचा वास आला, नेहमीचाच.

मी आणि डीकनने ताईला खुर्चीसकट उचलून खाली नेलं. वाटेत ती म्हणाली, "हळू. मी काय सिमेंटची गोणी आहे?"

डीकन धापा टाकत म्हणाला, "गोणी बोलत नाही, मिस व्हर्डेल. गोणी बरी."

रोनेट छत्री धरून मागे होती. तीही हसली. तिला हसताना मी कितीतरी महिन्यांनी बघितलं.

बांबूची काठी, बुचाचा तुकडा, रातकिडा. ताईने टाकलेला गळ बशीच्या बरोबर वर पडला. हात विसरले नव्हते. बूच एकदा डुचमळलं, मग खाली गेलं, आणि तिने काठी उचलली, जोर न लावता, जणू कोणी दार उघडतं आहे.

तळहाताला पुरेल न पुरेल एवढा मासा. तिने ओल्या हातात धरला, अंगठ्याने पाठीवरचे काटे आडवे दाबले. छाती नारिंगी, कल्ल्याच्या टोकाशी काळा डाग. उन्हात फडफडत होता. तिने त्याला नाकाशी नेलं. वास घेतला.

डीकन कढईकडे धावला. पीठ, मिरी, सगळं मांडून तयार होतं. "तेल तापलंय, मिस व्हर्डेल! आणा इकडे!"

"थंड कर," ताई म्हणाली.

"काय?"

"हा बाप आहे."

मी म्हटलं, "ताई, तुझा आहे. तुझ्या तळ्यातला. खा."

"अरे बड, ह्याची पोरं खाली आहेत." तिला शब्द शोधावे लागत होते, पण ती सोडत नव्हती. "ती अंडी घालून जाते. थांबत नाही. हा थांबतो. पंखा... पंखा घालतो त्यांच्यावर. खात नाही, पीत नाही, उभा राहतो. ह्याला नेलं की बाकीचे येतात, आणि... एका घासात." तिने खाली बशीकडे बोट दाखवलं. तिथे आताच दोन मासे आत शिरत होते. "बघ, आलेसुद्धा. सोड मला खाली."

रोनेटने तिला पुढे वाकवून धरलं. ताईने हात पाण्यात बुडवला आणि उघडला. मासा क्षणभर तिच्या बोटांत राहिला. मग गेला, सरळ आपल्या बशीवर. आत शिरलेल्या दोघांना त्याने हुसकावलं.

"दुसरा धर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मादी धर. कडेची धर. एक तरी धर, ताई."

"दमले रे," ती म्हणाली. "छान तळं आहे. आता मला वर ने."

डीकनने कढईत मक्याच्या पिठाचे गोळे तळले. तिने अर्धा खाल्ला. म्हणाली, "मीठ बरोबर आहे."

३ जून

ताई गेली. काल सकाळी. रोनेटच्या हातात तिचा हात होता आणि मी पायाशी होतो.

चर्चमध्ये भजन कोणाला सांगता येईना. डीकनने प्रयत्न केला.

१५ जून

पशुखाद्याच्या दुकानाच्या अंगणात माशांचा ट्रक आला. मीही गेलो, लोक सांत्वन करत होते, मी टोपी हातात घेऊन हो हो म्हणत होतो. हबर्टने माझी पिशवी वेगळी काढून ठेवली होती. बास मोठे दिसत होते, तोंडं उघडी, निरोगी.

"ठेव," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"या वर्षी नको."

त्याने आजूबाजूला बघून आवाज उतरवला. "आयझम, तुला मी शिकवायचं? ब्रिमवर बास नाही सोडला तर तळं कोंदून जाईल. सगळे बोटाएवढेच राहतील. ना ते वाढतील, ना कोणाला वाढू देतील. तूच आख्ख्या जिल्ह्याला हे सांगत फिरतोस."

"सांगतो."

"मग?"

मागून कोणीतरी घाई करत होतं. मी हबर्टच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत येऊन बसलो.

घरी रोनेट तिच्या आईच्या टोप्या खोक्यात भरत होती. तिने विचारलं, "मामा, बास आणले?" मी नाही म्हणून मान हलवली. ती उठली आणि माझ्याबरोबर खाली तळ्यावर आली.

बशा रिकाम्या आहेत. बाप आपापल्या वाटेने गेले. उथळात मात्र जिरे, म्हणजे ब्रिमची नुकतीच फुटलेली पिल्लं, इतके आहेत की पाणीच हलतं आहे असं वाटतं, इकडून तिकडे, तिकडून इकडे, एकाही डोळ्याला पापणी नाही. रोनेट उकिडवी बसून बघत राहिली. म्हणाली, "एवढे सगळे?"

बहुतेक बासच्या पोटात जातात. त्यासाठीच बास सोडायचा असतो. हे गणित मला लोकांपेक्षा चांगलं कळतं, आणि ते बरोबर आहे.

तळं बिघडलं तर बिघडू दे. बिघडलेली तळी दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, पुढच्या वर्षी बघेन. या वर्षी माझ्या तळ्यात कोणी कोणाला खायचं नाही.